क्रीडा कोट्यातली नोकरी आणि राजकीय मत : लिहिलं, बोललं तर नेमकं काय होतं?

लाल_माती

क्रिकेट सोडलं तर आपल्याकडच्या बहुतेक खेळाडूंची चूल पेटते ती रेल्वे, पोलिस, लष्कर, ओएनजीसीसारख्या कंपन्या किंवा राज्य सरकारच्या पगारावर. निवडणूक आली, आंदोलन पेटलं, फेडरेशनच्या अध्यक्षावर आरोप झाले की यातल्या कुणाला तरी बोलावंसं वाटतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कुस्तीपटू विनेश फोगाटला रेल्वेने कारणे दाखवा नोटीस दिली, तेव्हा चर्चा झाली ती पक्षांची. नियम काय म्हणतो, हे कुणी उघडून पाहिलं नाही.

जाणकारांना प्रश्न :

१. मत लिहिणं, आंदोलनात जाऊन बसणं आणि पक्षात जाणं या तिन्हींना एकच नियम लागतो की वेगवेगळे?
२. टोपणनावाच्या खात्यावरून लिहिलं तर चालतं का?
३. नोटीस आली तर पहिल्या आठवड्यात काय करायचं?
४. निवडणूक लढवायची तर राजीनामा कधी द्यायचा?

परदेशातली उदाहरणं माहीत असतील तर तीही लिहा, पण करारात काय होतं त्यासकट. ‘खेळात राजकारण नको’ विरुद्ध ‘गप्प बसणं म्हणजे भित्रेपणा’ हा वाद कृपया इथे नको.

---

फाइलवाला

रेल्वेपुरतं सांगतो. बाकी केंद्रीय खात्यांचे नियम जवळजवळ तसेच आहेत, क्रमांकसुद्धा.

क्रीडा कोटा हे भरतीचं दार. आत आल्यावर खेळाडूला वेगळा नियम नाही. तिकीट तपासनीस असो, क्लार्क असो की विशेष कार्य अधिकारी, सगळ्यांना रेल्वे सेवा (वर्तणूक) नियम, १९६६ लागतात.

नियम ५ राजकारणाचा. पक्षाचं सदस्य व्हायचं नाही, पक्षाशी ‘संबंधित’ राहायचं नाही, राजकीय चळवळीला वर्गणी किंवा मदत द्यायची नाही. मतदान करता येतं, प्रचार करता येत नाही. अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावलं तर तोही प्रचारच धरला जातो. एखादी संघटना राजकीय आहे की नाही असा प्रश्न आला तर निर्णय सरकारचा. ‘ती नुसती सामाजिक संस्था आहे हो’ हा बचाव त्यामुळे बऱ्याचदा टिकत नाही.

नियम ७ निदर्शनांचा. यात सरसकट बंदी नाही. सार्वजनिक सुव्यवस्था, देशाची सुरक्षितता, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, चिथावणी या कारणांपुरती बंदी आहे.

नियम ९ टीकेचा, आणि बहुतेक खेळाडू अडकतात तो इथे. केंद्र किंवा राज्य सरकारच्या चालू अथवा अलीकडच्या धोरणावर वा कृतीवर प्रतिकूल टीका होईल असं काहीही प्रसिद्ध करायचं नाही. त्यात शब्द आहेत : स्वतःच्या नावाने, निनावी, टोपणनावाने किंवा दुसऱ्याच्या नावाने. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. टोपणनावामुळे सापडायला वेळ लागेल, नियमातून सुटका होत नाही. उलट सापडल्यावर लपवाछपवी केली असा रंग चढतो आणि शिक्षा ठरवताना तो आडवा येतो.

आता बारकावा. ‘फेडरेशनचा अध्यक्ष खेळाडूंना छळतो’ ही फेडरेशनवरची टीका झाली. फेडरेशन म्हणजे सरकार नव्हे. ‘क्रीडा मंत्रालय त्याला पाठीशी घालतंय’ असं लिहिलं की नियम ९ सुरू. एका वाक्याने फाइल बदलते. २०२३ मध्ये जंतरमंतरवर बसलेले साक्षी मलिक, बजरंग पुनिया आणि विनेश हे तिघेही रेल्वेचे कर्मचारी होते. आंदोलन जानेवारीत सुरू झालं, एप्रिलमध्ये पुन्हा उभं राहिलं, २८ मेला त्यांना ताब्यात घेतलं गेलं आणि जूनच्या सुरुवातीला तिघं कामावर हजर झाले. मागणी होती कुस्ती महासंघाच्या अध्यक्षावर कारवाईची. सप्टेंबर २०२४ मधली नोटीस निघाली ती विरोधी पक्षनेत्याच्या भेटीनंतर, म्हणजे विषय नियम ५ च्या अंगणात गेल्यावर. दोन्हींची गल्लत करू नका.

---

तिरका_पाय

घटनेच्या कलम १९ चं, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं काय? नोकरीला लागलो म्हणजे नागरिकत्व गहाण टाकलं का? हे नियम कोर्टात टिकणारच नाहीत.

---

फाइलवाला

@तिरका_पाय, अर्धं बरोबर. कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य (१९६२) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निदर्शनांवरची सरसकट बंदी रद्द केली, संपाचा हक्क मात्र मान्य केला नाही. नियम ७ आज अटींसकट दिसतो, त्याची पार्श्वभूमी ही.

दुसरा निकाल त्रिपुरा उच्च न्यायालयाचा, जानेवारी २०२०, लिपिका पॉल यांचा. मत्स्य खात्यातल्या कर्मचारी. राजकीय सभेला हजर राहिल्या आणि फेसबुकवर लिहिलं म्हणून निवृत्तीच्या तोंडावर निलंबन झालं. न्यायालयाने कारवाई रद्द केली. दोन मुद्दे कामाचे आहेत. सभेला नुसतं हजर राहणं आणि सभेत भाग घेणं यात फरक आहे. आणि सरकारी कर्मचाऱ्यालाही स्वतःचं मत असतं, ते वर्तणूक नियमांच्या मर्यादेत राहून मांडता येतं. पण हा त्रिपुराचा निकाल आहे. मुंबईत तो आधार म्हणून दाखवता येतो, बंधनकारक नाही.

म्हणजे ‘नियम टिकणारच नाहीत’ या भरवशावर पोस्ट टाकू नका. नियम उभा राहतो, त्याचा अतिरेक पडतो. आणि तो पडेपर्यंत दोनचार वर्षं जातात. पंचविशीतल्या पैलवानाला दोनचार वर्षं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

---

खाकी_बनियन

पोलिस आणि लष्कराचं गणित आणखी कडक आहे, तेवढं जोडतो.

पोलिस दल (हक्कांवर निर्बंध) अधिनियम, १९६६. कलम ३ प्रमाणे परवानगीशिवाय वृत्तपत्रांशी संपर्क नाही आणि राजकीय हेतूने भरवलेल्या सभेत किंवा निदर्शनात भाग नाही. सवलत आहे ती निव्वळ साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय लिखाणाला. कलम ४ मध्ये शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इतर खात्यांत मामला खात्यापुरता राहतो, इथे तो फौजदारी गुन्हा होऊ शकतो. पदक जिंकून थेट उपअधीक्षक झालेल्यालाही हाच कायदा.

लष्करातल्या खेळाडूंना आर्मी ॲक्टचं कलम २१ आणि १९५४ च्या आर्मी रूल्समधले १९ ते २१ हे नियम. सुभेदार म्हणून खेळणारा ऑलिंपिकपटू जगप्रसिद्ध असला तरी राजकीय विषयावर मुलाखत द्यायला त्याला परवानगी लागते. त्यामुळे पत्रकारांनी ‘अमुक गप्प का?’ असं विचारण्याआधी त्याच्या खांद्यावर काय आहे ते बघावं.

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९. शिवाय जुलै २०२५ मध्ये सामान्य प्रशासन विभागाने समाजमाध्यमांबद्दल शासन निर्णय काढला आहे. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका नको, वैयक्तिक खात्यावर पदनाम, गणवेश, बोधचिन्ह नको. तो कंत्राटी कर्मचाऱ्यांना आणि महामंडळं, स्थानिक संस्था यांनाही लागू आहे. ‘मी तर मानधनावर प्रशिक्षक आहे’ म्हणणाऱ्यांनी तो वाचावा.

गणवेशाची गंमत अशी की खेळाडूच्या खात्यावर दहापैकी सहा फोटो विभागाच्या ट्रॅकसूटमधलेच असतात. मत लिहिलं मनापासून, पण वर डीपीत छातीवर खात्याचं नाव. तक्रार करणारा स्क्रीनशॉट काढतो तो दोन्ही एकत्र.

---

दुसरा_हाफ

परदेशातली तीन उदाहरणं. तिन्हींत मालक वेगळा, करार वेगळा, म्हणून निकालही वेगळे.

गॅरी लिनेकर, बीबीसी. माजी फुटबॉलपटू, ‘मॅच ऑफ द डे’ या फुटबॉल कार्यक्रमाचा निवेदक. मार्च २०२३. ब्रिटिश सरकारच्या स्थलांतरविषयक विधेयकावर ट्वीट केलं, त्यात सरकारच्या भाषेची तुलना १९३० च्या दशकातल्या जर्मनीशी. बीबीसीने कार्यक्रमातून बाजूला केलं. कार्यक्रमातले विश्लेषक इयन राइट आणि ॲलन शिअररने आम्हीही येणार नाही म्हटलं, मग समालोचकही बाहेर पडले. त्या शनिवारचा ‘मॅच ऑफ द डे’ निवेदक आणि समालोचनाशिवाय वीस मिनिटांत उरकला. सोमवारी लिनेकर परत.

तो परत आला तो सहकारी उभे राहिले म्हणून, ही लोकप्रिय कथा. ते खरंच, पण तेवढंच नाही. तो पगारी नोकर नव्हता, फ्रीलान्स होता, आणि बातम्यांशी संबंध नसलेल्या फ्रीलान्स माणसाला निःपक्षपातीपणाचे नियम किती लागतात याबद्दल बीबीसीचा मजकूरच गुळमुळीत होता. तेव्हाचे महासंचालक टिम डेव्ही यांनीही त्यातल्या करड्या जागा मान्य केल्या. मग सप्टेंबर २०२३ मध्ये नवी नियमावली आली : मोठ्या कार्यक्रमांच्या निवेदकांनी मुद्द्यांवर बोलावं, पण पक्षाला पाठिंबा किंवा पक्षावर हल्ला नको, राजकारण्यांच्या चारित्र्यावर टीका नको. मे २०२५ मध्ये झायोनिझमबद्दलची एक पोस्ट त्याने पुढे पाठवली, तिच्यात उंदराचं चित्र होतं. ज्यूंविरुद्धच्या जुन्या प्रचारात ते वापरलं जायचं. त्याने माफी मागितली, तरी बीबीसीतून मुक्काम हलला. नियम धूसर होता तेव्हा वाचला, दुसऱ्यांदा मजकूरच असा होता की सहकाऱ्यांनाही उभं राहता येईना.

अन्वर एल गाझी, माइंझ. जर्मन फुटबॉल क्लब. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाबद्दलच्या पोस्टवरून निलंबन. महिनाअखेरीस क्लबने जाहीर केलं की तो परत येतोय, त्याला पश्चात्ताप झालाय. दोनच दिवसांत त्याने लिहिलं की मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. ३ नोव्हेंबरला करार रद्द. जुलै २०२४ मध्ये माइंझच्या कामगार न्यायालयाने बडतर्फी अवैध ठरवली आणि सुमारे १७ लाख युरोंचं थकीत वेतन द्यायला सांगितलं. त्यातले पाच लाख गाझातल्या मुलांसाठी देणार असं त्याने जाहीर केलं.

हे कसं झालं? जर्मनीत मुदतीचा करार मध्येच तत्काळ तोडायला ‘गंभीर कारण’ लागतं आणि ते कळल्यापासून दोन आठवड्यांत तोडावं लागतं. न्यायालयाला त्या पोस्ट अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कक्षेतल्या वाटल्या.

ईएसपीएन, अमेरिकेतली क्रीडावाहिनी. इथे नेमकं उलट. बेसबॉलचा माजी पिचर कर्ट शिलिंग समालोचक होता. ऑगस्ट २०१५ मध्ये मुस्लिमांची नाझींशी तुलना करणाऱ्या ट्वीटवरून निलंबन, एप्रिल २०१६ मध्ये तृतीयपंथीयांबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून थेट हकालपट्टी. निवेदिका जेमेल हिलने सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रम्प यांना वर्णवर्चस्ववादी म्हटलं, तेव्हा निलंबन झालं नाही. ऑक्टोबरमध्ये डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाच्या जाहिरातदारांकडे बोट दाखवलं आणि दोन आठवडे घरी. कारण दिलं होतं समाजमाध्यम नियमांच्या दुसऱ्या भंगाचं. राष्ट्राध्यक्षांवर बोलून जे झालं नाही ते जाहिरातदारांवर बोलून झालं, यातून काय घ्यायचं ते ज्याने त्याने घ्यावं.

मैदानावरचं वेगळं आहे. तिथे मालक नव्हे, स्पर्धेचा आयोजक शिक्षा करतो. ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू उस्मान ख्वाजाला डिसेंबर २०२३ मध्ये पर्थला बुटांवर ‘सगळ्यांचे प्राण सारखे’ अशा अर्थाचा मजकूर लिहून उतरायचं होतं, आयसीसीने अडवलं. त्याने काळी पट्टी बांधली तर पोशाखाच्या नियमाखाली ताकीद मिळाली. मजकुराचा आशय बरोबर की चूक हा वादच तिथे नव्हता, पूर्वपरवानगी नव्हती एवढंच. ऑलिंपिकला निदर्शनं आणि राजकीय प्रचाराला मनाई करणारा नियम ५० आहे, तोही ऑलिंपिकच्या स्थळांपुरता.

---

लाल_माती

सर्वांचे आभार. @फाइलवाला, तिसरा आणि चौथा प्रश्न राहिला. आणि परिवीक्षेतल्या (प्रोबेशनवरच्या) मुलांचं काय?

---

फाइलवाला

परिवीक्षेतला सगळ्यात उघडा. ‘काम समाधानकारक नाही’ एवढं लिहून चौकशीशिवाय सेवा संपवता येते. आदेशात पोस्टचा किंवा गैरवर्तनाचा उल्लेख आला तर तो कलंक ठरतो, मग चौकशी लागते. म्हणून हुशार कार्यालय तो उल्लेख करतच नाही. परिवीक्षा संपेपर्यंत हात आवरलेला बरा.

कायम झाला असेल तर क्रम असा. आधी ओळखायचं, हातात आलं ते काय आहे. कारणे दाखवा नोटीस म्हणजे आरोपपत्र नव्हे. रेल्वेत एसएफ-११ आलं तर किरकोळ शिक्षेची कारवाई : ठपका, वेतनवाढ रोखणं, पदोन्नती रोखणं, पास आणि पीटीओ (सवलतीच्या तिकिटाचा आदेश) रोखणं. एसएफ-५ आलं तर मोठी : पदावनती, सक्तीची निवृत्ती, सेवेतून काढणं, बडतर्फी. काढलेल्याला पुन्हा सरकारी नोकरी मिळू शकते, बडतर्फाला सहसा नाही.

उत्तराला साधारण दहा दिवस. पहिल्या दिवशी पोच देताना तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने घाला. दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज : आरोपाचा आधार असलेली कागदपत्रं, स्क्रीनशॉट, तक्रारीची प्रत द्या, ती मिळाल्यापासून मुदत मोजा. पोस्ट काढून टाकायची घाई नको. स्क्रीनशॉट त्यांच्याकडे आहेच, मूळ तुमच्याकडेच राहिलं नाही तर पुढचामागचा संदर्भ दाखवता येत नाही. आधी दुवा, वेळ, खालच्या प्रतिक्रिया यांसकट जतन करा, मग काय ते ठरवा.

सगळ्यात जास्त माती इथे खातात : उत्तरात भाषण लिहितात. देशासाठी किती पदकं आणली, तिरंगा कसा उंचावला. चौकशी अधिकाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. प्रत्येक आरोपासमोर एक परिच्छेद. शब्द नेमके कोणते होते, ते कुणाबद्दल होते (फेडरेशन की सरकार), रजेवर होतो की कामावर, पदनाम वापरलं की नाही. आणि ‘खातं हॅक झालं होतं’ खोटं असेल तर चुकूनही लिहू नका. मूळ आरोप किरकोळ असतो, खोटं उत्तर हा नवा आरोप होतो.

चौकशी लागली तर बचावासाठी रेल्वे कर्मचारी मदतनीस घेता येतो. युनियनमध्ये अशी चारदोन मुरलेली माणसं असतात, वकिलापेक्षा ती उपयोगी. अहवालाची प्रत मिळाल्यावर १५ दिवसांत म्हणणं, शिक्षेनंतर ४५ दिवसांत अपील, ते फेटाळल्यावर एक वर्षाच्या आत केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण (कॅट). निलंबन झालं तर पहिले तीन महिने साधारण अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता.

पण खरं सांगायचं तर खेळाडूला शिक्षा बहुतेक वेळा या वाटेने होतच नाही. शिबिराला सोडायचं पत्र उशिरा निघतं. विशेष नैमित्तिक रजा ‘विचाराधीन’ राहते. परदेश दौऱ्याचं ना-हरकत पत्र टेबलावर पडून राहतं. बदली होते, जिथे ना मॅट ना जोडीदार. बदली ही नियमांत शिक्षाच नाही, त्यामुळे अपीलही नाही. आकसाने केली हे सिद्ध करावं लागतं. पदोन्नती तर पूर्ण मालकाच्या हातात. स्वप्निल कुसाळे पॅरिसच्या कांस्यपदकानंतर तिकीट तपासनिसाचा विशेष कार्य अधिकारी झाला, ती रेल्वेने दिलेली बढती होती, हक्काने मागता येणारी नव्हे. म्हणून प्रत्येक अर्ज लेखी, आवक क्रमांकासह, आणि स्पर्धेची तारीख ठळक. पुढे आकस दाखवायचा तर हेच कागद कामी येतात.

आता राजीनामा. विनेश आणि बजरंगच्या तारखा बघा. ६ सप्टेंबर २०२४ ला राजीनामा आणि त्याच दिवशी काँग्रेसप्रवेश. रेल्वेत तीन महिन्यांची नोटीस लागते. हरियाणात अर्जाची शेवटची तारीख १२ सप्टेंबर, छाननी १३ ला. सरकारी लाभाचं पद धारण करत असाल तर घटनेच्या कलम १९१ प्रमाणे अपात्र, आणि पात्रता पाहतात ती छाननीच्या दिवशी. म्हणजे राजीनामा *दिला* हे पुरेसं नाही, तोवर तो *मंजूर* हवा. रेल्वेने नोटीस कालावधी माफ करून ९ सप्टेंबरला मंजूर केला. चार दिवसांचं अंतर उरलं होतं. विनेश जुलानातून ६,०१५ मतांनी निवडून आली, पण रेल्वेने तीन महिने मोजले असते तर अर्जच बाद झाला असता.

शिस्तभंगाची कारवाई चालू असेल किंवा निलंबन असेल तर राजीनामा अडवून ठेवता येतो. म्हणून नोटीस येण्याआधीचा राजीनामा आणि नंतरचा यात फरक पडतो. आणि मागची नोकरी निवृत्तिवेतनासाठी राजीनाम्याने बुडते, हेही आधी मोजा. २० वर्षं झाली असतील तर राजीनाम्याऐवजी स्वेच्छानिवृत्ती.

---

खाकी_बनियन

एक जोड. भ्रष्टाचार किंवा राज्याशी द्रोह या कारणाने बडतर्फ झालेल्याला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे पाच वर्षं निवडणूक बंद. आणि गेल्या पाच वर्षांत दुसऱ्या कारणाने बडतर्फ झालेल्यालाही निवडणूक आयोगाचा दाखला अर्जासोबत जोडावा लागतो. तो विसरला तर छाननीतच अर्ज बाद. ‘काढू देत, मग उभा राहीन’ म्हणणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

---

तिरका_पाय

‘नियम कोर्टात टिकणारच नाहीत’ हे वाक्य मागे घेतो, नागरिकत्वाचा प्रश्न नाही. आणि जाहिरातीच्या करारांचं काय? तिथे तर नियम ५ पण नाही.

---

दुसरा_हाफ

तिथे कराराचं एक कलम बघायचं, प्रतिमेला बाधा आणणाऱ्या वर्तनाचं. त्यात तीन गोष्टी शोधा. बाधा आली हे ठरवणार कोण : ‘कंपनीच्या एकट्याच्या मते’ असेल तर खोडायला सांगा, ‘वाजवी मते’ करून घ्या. पैसे परत मागण्याची तरतूद आधी मिळालेल्या हप्त्यांना लागते का, की फक्त पुढच्या. आणि दुरुस्तीला मुदत आहे का, म्हणजे लेखी सूचना देऊन सात किंवा पंधरा दिवस. सरकारी खेळाडूला हा करार करायला मुळात मालकाची परवानगी लागते, त्या परवानगीपत्राच्या अटीही सोबत वाचा. कंपनीने सोडलं आणि खात्याने परवानगी काढून घेतली, असं दोन्हीकडून एकाच आठवड्यात होऊ शकतं.